घाबरलास का नको, कशाला घाबरलास ते सांग!

हॉरर बघून झाल्यावर कॉलेजच्या ग्रुपवर येणारे मेसेज तुम्हीही वाचले असतील. ‘काही नाही रे, एकदम फालतू.’ ‘मला तर हसूच येत होतं.’ ‘मी रात्री दोन वाजता एकट्याने बघितला, लाइट बंद करून. काहीही वाटलं नाही.’ आणि मग सगळ्यांचा आवडता शेरा : ‘तंतरली नाही राव, पैसे वाया.’ दोन तासांचा सिनेमा, त्यामागे कुणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत, आणि आपल्याकडून निकाल एका शब्दात. पास किंवा नापास.

विनोदी सिनेमाचं आपण असं करत नाही. त्यातला कुठला सीन भारी होता, कुठला पंच बसला, कोण ओव्हरअॅक्टिंग करत होतं, यावर चहाचे तीन कप संपतात. लव्हस्टोरीवर तर भांडणं होतात. हॉररवर मात्र एकच प्रश्न विचारला जातो : घाबरलास का? आणि त्याचं एकच उत्तर मान्य असतं : छे!

मी हॉरर मनापासून बघते. जुनं, नवं, मराठी, मल्याळम, मिळेल ते. त्यामुळे हे सांगायचा मला थोडाफार हक्क आहे, की हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘घाबरलास का’ या प्रश्नाने गप्पा तिथेच संपतात. ‘कशाला घाबरलास’ असं विचारलं, तर त्या तिथून सुरू होतात. आणि त्या सुरू होणं आपल्या वयात फार गरजेचं आहे, असं मला वाटतं.

दचकणं वेगळं, धास्ती वेगळी

आधी शब्दांचं बघू. मराठीत भीतीसाठी किती शब्द आहेत, मोजून बघा. दचकणं, भेदरणं, धास्तावणं, धडकी भरणं, धसका घेणं, बोबडी वळणं, पाचावर धारण बसणं, अंगावर काटा येणं. हे सगळे एकच नाहीत. दाराआडून मित्राने ‘भॉक’ केलं की आपण दचकतो. रिझल्टच्या आदल्या रात्री असते ती धास्ती. एखाद्या अपघातानंतर कित्येक महिने गाडीवर बसवत नाही, तो धसका. आज्यांना हा फरक नेमका माहीत होता. आपण या सगळ्यांना मिळून एक ‘तंतरली’ ठेवलंय.

आता सिनेमाकडे या. ज्याला आपण जंपस्केअर म्हणतो, तो दचकवण्याचा प्रकार. पडद्यावर शांतता, मग अचानक कर्कश आवाज आणि चेहरा. अशा वेळी मान आखडते, डोळे मिटतात, हातातले पॉपकॉर्न सांडतात. ही शरीराची प्रतिक्रिया आहे. मेंदूला ‘हे काय होतं’ कळायच्या आत ती होऊन जाते. कुकरची शिट्टीही हेच करू शकते. म्हणून ‘मी पाच वेळा दचकलो’ हे सिनेमाचं फार मोठं कौतुक नाही आणि ‘एकदाही दचकलो नाही’ ही फार मोठी टीकाही नाही.

या युक्तीचा जन्म मात्र फार हुशारीने झालाय. १९४२ मध्ये ‘कॅट पीपल’ नावाचा अमेरिकन सिनेमा आला. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक टर्नर. त्यात एक बाई रात्री एकटी रस्त्याने चालली आहे. मागे कुणाची तरी पावलं वाजताहेत. ती वेग वाढवते. पावलं थांबतात. आता काहीतरी झडप घालणार असं वाटत असतानाच एकदम फिस्सकन आवाज होतो, आणि समोर येऊन थांबते ती साधी बस. तिच्या ब्रेकचा आवाज! तेव्हापासून अशा युक्तीला सिनेमावाले ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

पण जरा थांबून विचार करा. त्या सीनमध्ये भीती कशाची आहे? बसची तर नक्कीच नाही. वाघ-बिबट्याचीही पुरती नाही. रात्री, रिकामा रस्ता, एकटी बाई, मागे पावलं. कॉलेजमधल्या कुठल्याही मुलीला विचारा, तिला हा सीन समजावून सांगावा लागणार नाही. क्लास सुटल्यावर स्टॉपपासून घरापर्यंत हातात किल्ली धरून चालणारी प्रत्येक मुलगी तो सीन जगते. बस येऊन थांबते तेव्हा दचकणं संपतं. धास्ती त्याच्या आधीची आहे आणि सिनेमा संपल्यावरही राहते.

हिचकॉकने हाच फरक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितला होता. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं आणि टेबलाशी बसलेली माणसं निवांत गप्पा मारताहेत, तर कितीतरी मिनिटांची धडधड. आपण मात्र हॉररला फक्त धक्क्यांच्या हिशोबात मोजतो आणि धडधड असली की ‘स्लो आहे यार’ म्हणून फॉरवर्ड करतो.

फॉरवर्डवरून आठवलं. आम्हाला साऊंडच्या तासाला एक प्रयोग करायला लावला होता. एका गाजलेल्या भयपटातला सीन आधी आवाज बंद करून दाखवला. सगळा वर्ग खिदळत होता. मग तोच सीन पूर्ण आवाजात, अंधारात. कुणी हसलं नाही. हॉररचा निम्म्याहून जास्त जीव आवाजात असतो : लाकूड करकरणं, नळाचं टपटपणं, आणि मुख्य म्हणजे आवाज थांबणं. हे सगळं मोबाइलवर, एक इअरबड कानात आणि दुसरा मित्राला देऊन, दीडपट स्पीडवर बघायचं आणि वर म्हणायचं ‘काहीच वाटलं नाही’? वरणभात थंड करून खाल्ला आणि स्वयंपाकाला नावं ठेवली, असं झालं हे.

मी कुठे घाबरतो?

पण ‘काहीच वाटलं नाही’ हे फक्त स्पीडमुळे येत नाही. त्याचं खरं कारण आपल्याला माहीत आहे. हॉरर बघणं ही आपल्याकडे सिनेमा बघण्यापेक्षा धीटपणाची परीक्षा जास्त असते. मुलांसाठी तर असतेच. रडायचं नाही, घाबरायचं नाही, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यामुळे थिएटरमध्ये सगळ्यांत मोठ्याने कोण हसतं ते बघा. भूत आल्यावर कॉमेंट कोण मारतं ते बघा. हसणं वाईट नाही, घाबरल्यावर हसू येतंच. पण बाहेर येऊन ‘मी कुठे घाबरलो’ हे सिद्ध करण्यात जी शक्ती जाते, तिची मला कीव येते.

आणि ही परीक्षा फक्त स्वतःपुरती राहत नाही. मग दुसऱ्याला परीक्षेला बसवलं जातं. माझ्या ओळखीची एक फर्स्ट इयरची मुलगी. हॉस्टेलवर नवी. तिला हॉरर सहन होत नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एका शनिवारी रात्री तिला ‘कॉमेडी आहे’ म्हणून मुद्दाम कॉमन रूममध्ये बसवलं, लाइट घालवले, आणि ती किंचाळली तेव्हा तिच्यासमोर मोबाइल धरलेला होता. त्याचा व्हिडिओ झाला, त्याला गाणं लागलं, तो तीन ग्रुपवर फिरला. सगळ्यांच्या दृष्टीने मज्जा. तिने मात्र पुढचे दोन महिने कॉमन रूममध्ये पाय ठेवला नाही. जेवणसुद्धा खोलीत आणून खायची.

याला मज्जा म्हणायचं की नाही, हे तुमच्या-माझ्या मतावर सोडलेलं नाही. रॅगिंग रोखण्यासाठी यूजीसीने २००९ मध्ये जे नियम केले, त्यात नव्या विद्यार्थ्याला मानसिक त्रास होईल किंवा त्याच्या मनात भीती निर्माण होईल असं वागणंही रॅगिंगमध्ये धरलं आहे. ‘अगं, साधा सिनेमा तर दाखवला’ हे तिथे उत्तर होऊ शकत नाही. हॉररचे चाहते म्हणवणाऱ्यांनी तर ही गोष्ट सगळ्यांच्या आधी बोलायला हवी. आपल्याला जे आवडतं, ते आपण तिकीट काढून, आपल्या मर्जीने, खुर्चीत सुरक्षित बसून घाबरतो म्हणून आवडतं. त्यातली मर्जी काढून टाकली की उरतो तो निव्वळ छळ.

चार सिनेमे, चार भीती

आता ‘कशाला घाबरलास’ हा प्रश्न घेऊन आपण बघितलेल्या काही सिनेमांकडे परत जाऊ. ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी सांभाळून, पुढे थोडे स्पॉयलर आहेत.

‘मुंज्या’ जून २०२४ मध्ये आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, ‘झोंबिवली’वाले. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही गोष्ट कोकणात आजोळ असलेल्यांना नवीन नाही. ग्रुपवर या सिनेमाचं मत काय होतं? ‘व्हीएफएक्स क्यूट आहे.’ ‘भूत कसलं, कार्टून वाटतं.’ ठीक. पण तो मुंजा मागतो काय, ते बघा. १९५२ मधला गोट्या वयाने मोठ्या असलेल्या मुन्नीवर जीव लावून बसतो. ती आपल्याला मिळालीच पाहिजे, या हट्टापायी बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. मेल्यावरही हट्ट तोच : लग्न लावून दे. समोरच्या मुलीला काय हवंय, हा प्रश्न त्याच्या डोक्यातच येत नाही. ‘नाही’ हा शब्द ऐकू न येणारा मुलगा भूत व्हायच्या आधीच भयानक होता. हे भूत कार्टूनसारखं दिसतं म्हणून आपण हसलो, पण असा हट्ट करणारा एखादा मुलगा तुमच्या ओळखीचा आहे की नाही?

दुसरा ‘लपाछपी’. विशाल फुरियांचा मराठी सिनेमा, २०१७ मध्ये थिएटरला लागला. पुढे त्यांनीच तो हिंदीत ‘छोरी’ नावाने केला, २०२१ मध्ये. उसाच्या फडात एकाकी घर, गरोदर नेहा म्हणजे पूजा सावंत, आणि तिची काळजी घेणारी तुळसाबाई म्हणजे उषा नाईक. उसात पळणारी मुलं दिसतात तेव्हा आपण दचकतो. पण अंगावर काटा येतो तो तुळसाबाईच्या मायेमुळे. इतकी माया का? कुणासाठी? ते पोटातलं बाळ मुलगा असेल तरच ही माया आहे, हे हळूहळू उलगडत जातं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आपल्याकडे १९९४ पासून आहे. तरी ‘मुलगी नको’ म्हणणारं घर शोधायला कुठल्या उसाच्या फडात जावं लागत नाही. हा सिनेमा बघून ‘भूत दिसलंच उशिरा’ अशी तक्रार करणाऱ्याला मी एवढंच म्हणेन, भूत पहिल्यापासून समोर होतं. ते प्रेमाने जेवायला वाढत होतं.

तिसरा मल्याळम, ‘भूतकालम’. २०२२, दिग्दर्शक राहुल सदाशिवन. यांचाच पुढचा ‘ब्रमयुगम’ तुम्ही मामूट्टीसाठी बघितला असेल, तो कृष्णधवल. ‘भूतकालम’मध्ये एक आई आणि तिचा तरुण मुलगा. रेवती आणि शेन निगम. आई नैराश्याने खचलेली, मुलगा फार्मसी शिकलेला पण नोकरी नाही. घरात काहीतरी आहे, पण दोघं एकमेकांवरही विश्वास ठेवत नाहीत, मग बाहेरचे काय ठेवणार? भूत जवळजवळ शेवटपर्यंत दिसत नाही. हा सिनेमा संपल्यावर माझी रूममेट बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मला भुताचं काही नाही वाटलं गं. तो मुलगा डिग्री घेऊन घरी बसलाय ना, ते बघवत नव्हतं.’ त्या रात्री आम्ही सिनेमावर दहा मिनिटं बोललो आणि प्लेसमेंट, घरून येणारे फोन, ‘पुढे काय’ हा प्रश्न, यावर दोन तास. वर्षभर एका खोलीत राहून हे आम्ही कधी बोललो नव्हतो. ते एका भुताने बोलतं केलं.

आणि चौथा, अर्थात ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. त्याआधी व्हेनिस महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकची सुरुवात त्याने झाली होती; हा मान मिळालेला तो पहिला भारतीय सिनेमा. इथे मात्र थिएटरमध्ये त्याला फार प्रेक्षक मिळाले नाहीत. मग सहा वर्षं लोक तो एकमेकांना सांगत राहिले, ‘अरे बघच’, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. चाहत्यांच्या मताची ताकद काय असते, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. पण ते मत ‘तंतरली’ एवढंच असतं, तर सहा वर्षं टिकलं नसतं. लोक बोलत होते ते त्या पावसाबद्दल, साखळदंडात बांधलेल्या म्हातारीबद्दल, कणकेच्या बाहुल्यांबद्दल, आणि विनायकाच्या हावेबद्दल. खरं तर हस्तर भयंकर आहेच, पण मुलाला त्याच विहिरीत उतरायचं शिकवणारा बाप जास्त भयंकर आहे. घर, जमीन आणि सोनं जसं वारशाने येतं, तशी हावही येते. ‘बाबांनी केलं तेच मी करणार’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो!

या सिनेमाचं आपल्याशी अजून एक नातं आहे. त्याचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं आणि गोष्टीची प्रेरणा नारायण धारपांकडून. धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी मराठीत भयकथेचं आणि गूढकथेचं किती काम करून ठेवलंय, हे आपल्यातल्या अनेकांना ‘तुंबाड’च्या निमित्ताने कळलं. मतकरींनी तर ‘अलबत्या गलबत्या’तून लहान पोरांनाही चेटकिणीची गंमत लावली. आपल्या आईबाबांच्या पिढीने १९९३ मध्ये ‘झपाटलेला’तला तात्या विंचू बघून बाहुल्या कपाटात कोंडल्या. म्हणजे भीतीची परंपरा आपल्याकडे आहे, तिच्यावर बोलायची सवय तेवढी मोडलीय.

पडद्यावरचं भूत आणि गल्लीतलं भूत

इथे एक धोका आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

‘शैतान’ मार्च २०२४ मध्ये आला. अजय देवगण, माधवन, ज्योतिका. तो ज्याच्यावरून केला, तो गुजराती ‘वश’ २०२३ चा, आणि त्याला पुढे सर्वोत्कृष्ट गुजराती सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गोष्ट अशी, की एक अनोळखी माणूस एका मुलीला वश करतो आणि ती त्याचं प्रत्येक म्हणणं ऐकते. आईबाप समोर असून काही करू शकत नाहीत. सिनेमा म्हणून घट्ट बांधलेला आहे. पण तो संपल्यावरच्या गप्पा आठवा. ‘आमच्या गावाकडे पण एकीला असंच झालं होतं.’ ‘वशीकरण असतंच, सायन्सला माहीत नाही एवढंच.’ पाच मिनिटांपूर्वी ‘मी घाबरत नाही’ म्हणणारा मुलगाच हे शपथेवर सांगत असतो. गंमत बघा : पडद्यावरच्या खोट्या भुताला घाबरलो हे कबूल करायची लाज वाटते, आणि खऱ्या आयुष्यात करणी-भानामती मानायची वाटत नाही.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, निदान महाराष्ट्रात तरी नाही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षं झटले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. त्याची अनुसूची कधी वाचून बघा. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणं, काठी-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, असे प्रकार त्यात एकेक करून लिहिलेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हे प्रकार तुम्हाला कुठे बघितल्यासारखे वाटतात? बरोबर. आपल्या कितीतरी भयपटांत ‘उपाय’ म्हणून हेच दाखवलेलं असतं, आणि पार्श्वसंगीत मांत्रिकाच्या बाजूने वाजत असतं.

म्हणून भयपटांवर बंदी आणा, असं मी अजिबात म्हणत नाही. तसं झालं तर सगळ्यांत आधी मीच ओरडेन. भूत ही कल्पनेतली गोष्ट आहे म्हणूनच तिच्याशी खेळता येतं. पण म्हणूनच त्यावर नीट बोलणं आलं. ‘कशाला घाबरलास’ हा प्रश्न इथेही कामाला येतो. झपाटलेली बाई बघून आपण घाबरलो, की तिला बांधून मारणारी माणसं बघून? सिनेमाने आपल्याला कुणाच्या बाजूने उभं केलं? घरातली एखादी मुलगी विचित्र वागायला लागली, गप्प झाली, रात्र रात्र झोपेना, तर तिला डॉक्टरकडे न्यायचं की कुणाच्या तरी अंगाऱ्याकडे, हा प्रश्न आपल्यापैकी कुणाच्याही घरात येऊ शकतो. त्या वेळी आपल्या डोक्यात कुठला सीन तयार असेल, हे या गप्पांतून ठरतं.

‘स्त्री’ने २०१८ मध्ये एक छान उलटापालट केली होती. चंदेरी गावात रात्री बाहेर पडू नका, हे बायकांऐवजी पुरुषांना सांगितलं जातं. थिएटर हसत होतं. पण हसता हसता कुणाला तरी वाटलं असेल ना, की हे वाक्य आपल्या बहिणीला रोज ऐकावं लागतं? ‘स्त्री २’मध्ये तर मुंडकं नसलेला राक्षस नव्या विचारांच्या बायकांना उचलून नेतो. डोकं नसलेला आणि बायकांनी शिकू नये असं वाटणारा! याहून सोपं कसं सांगणार?

‘एवढा विचार कोण करतं?’

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल, ‘अगं, शुक्रवारी रात्री डोकं बाजूला ठेवायला सिनेमा बघतो. त्यात बेरोजगारी, हुंडा, कायदा कशाला आणतेस?’ प्रश्न बरोबर आहे. मलाही प्रत्येक सिनेमावर प्रोजेक्ट करायचं नाहीये. काही भयपट निव्वळ राइडसारखे असतात, आकाशपाळण्यात बसल्यासारखं किंचाळायचं आणि उतरायचं. तेही बघा, मीही बघते. आणि एखादा सिनेमा खरंच टुकार असेल तर तो टुकारच म्हणावा. चार चांगल्या विषयांची नावं घेतली म्हणून वाईट सिनेमा चांगला होत नाही.

पण विचार मुद्दाम आणावा लागत नाही, तो भीतीतच असतो. जे आपल्याला कधीच होणार नाही असं वाटतं, त्याला आपण घाबरत नाही. जॉर्डन पीलच्या २०१७ च्या ‘गेट आऊट’मध्ये एक कृष्णवर्णीय तरुण गोऱ्या गर्लफ्रेंडच्या घरी जातो, सगळे त्याच्याशी गोड वागतात, आणि प्रेक्षकाला घाम फुटतो. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरी जेवायला गेल्यावर ‘आडनाव काय म्हणालात?’ हा प्रश्न ज्याने ऐकलाय, त्याला तो सिनेमा अमेरिकेतला वाटणार नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करून बघा. पुढचा हॉरर बघून झाल्यावर ग्रुपवर रेटिंग टाकू नका. एकच वाक्य टाका : ‘मला या या गोष्टीची भीती वाटली.’ भूत सोडून काहीही चालेल. बंद दार, आईचा आवाज, न उचललेला फोन, एकटं राहणं, कुणाला तरी न पटणं. पहिल्यांदा कुणीतरी ‘हाहा’चा इमोजी टाकेल. टाकू दे. थोड्या वेळाने कुणीतरी पर्सनलवर लिहील, ‘मला पण.’ तिथून खरी गप्पा सुरू होते.

आणि ग्रुपमधला जो कुणी ‘मला हॉरर नाही झेपत’ म्हणतो, त्याला ‘घाबरट’ म्हणण्याआधी आठवा, की इतकं सरळ उत्तर आपल्यातल्या कुणी दिलेलं नाही. त्याला ओढून बसवू नका. तो बाहेर थांबला असेल, तर इंटर्व्हलला त्याच्यासाठीही समोसा घ्या.